शोकाच्या घरी पाळकाने काय बोलावं?

तापीकाठ
गेल्या पावसाळ्यात शहाद्याजवळच्या एका गावात आमच्या नात्यातला अकरा वर्षांचा मुलगा सिकलसेल या रक्ताच्या आजाराने गेला. दफनविधीत चर्चचे पाळक म्हणाले, "ही देवाची इच्छा होती." घरी आल्यावर त्यांनी बापाला बाजूला घेतलं आणि विचारलं, घरात कोणी लपूनछपून जुन्या धर्मातलं काही पाळतं का?

सांधे दुखायला लागले की ज्या रबरी पिशवीने त्याला शेकायचे, ती अजून खुंटीला आहे. आई कोणाला हात लावू देत नाही. एकच विचारते, "मन्हं काय चुकनं?" धाकटीची तपासणी करून घ्या म्हटलं, तर ती तिच्यासाठी उपास धरून बसली आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. आपण देहधारी झालेला देव मानतो ना? मग पाळकाने आधी त्या ओट्यावर जाऊन बसावं. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ठीक होतं. तोंड उघडून कारणं द्यायला लागले, आणि शेवटी देवाचा कोप त्यांच्यावरच झाला.

मंडळीचा वडील, अमळनेर
पाप शोधायला गेले ते चुकलंच. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांधाबद्दल प्रभूने साफ सांगितलंय, यानेही पाप केलं नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. पण म्हणून पाळकाने मुकं व्हावं, हे मला पटत नाही.

माझी बायको गेली तेव्हा गप्प बसायला सगळी आळी आली होती. चहा आणला, डबे आणले, त्यांचे उपकार आहेतच. पण मी उभा राहिलो तो कबरेपाशी पुनरुत्थानाचं वचन वाचलं गेलं म्हणून. थेस्सलनीकाकरांना पत्रात प्रेषित पौल काय लिहितो? मेलेले उठतील हे आधी सांगतो, मग म्हणतो, या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा. वचनांनी! सिद्धांत काढून टाकला तर पाळक आणि शेजारी यांत फरक काय राहिला?

चार गावांचा पाळक
दोघांनीही मला धरून बोललात असं वाटलं, म्हणून लिहितो. माझ्याकडे चार गावं आहेत. रविवारी दोन उपासना. दिवाळीनंतर निम्मी मंडळी ऊसतोडीला गुजरातेत, त्यांचे फोन रात्री दहानंतर. सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या शाळेत, त्रैक्याचा सिद्धांत शिकलो, ग्रीक शिकलो. मूल गेलेल्या आईसमोर कसं बसायचं, हे कोणीच सोबत नेऊन दाखवलं नाही. भीती वाटते, आणि भीती वाटली की माणूस पाठ केलेलं बोलतो. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या *वडिलांना*, म्हणजे ज्येष्ठ कारभाऱ्यांना, बोलवावं असं आहे. अनेकवचन आहे ते. आमच्याकडे वडील हिशेबाच्या मिटिंगला येतात, दुखण्याच्या घरी एकटा मी.

तापीकाठ
पाळकसाहेब, शेवटचं वाक्य खरं आहे. आमचाही कोणी वडील गेला नव्हता.

अमळनेरच्या दादांना एवढंच सांगतो की "तो उठेल" हे वचन आहे आणि "देवाने नेला" हे कारण आहे. मी भांडतोय ते कारणाशी. बेथानीत बघा. लाजर गेल्यावर त्याच्या बहिणी मार्था आणि मरीया दोघी येशूला तेच वाक्य बोलतात, प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. मार्थेला तो म्हणतो, पुनरुत्थान व जीवन मीच आहे. मरीयेला काही समजावत नाही, तिच्यासोबत रडतो. अध्याय तोच, योहानाचा अकरावा. समोर कोण आहे हे ओळखणं, यालाच मी पाळकीय सेवा म्हणतो.

आणि त्या आईला आजाराचं खरं कारणही सांगायला हवं. आईबाप दोघं वाहक असतील, म्हणजे आजार त्यांच्यात लपलेला असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला तो होण्याची २५ टक्के शक्यता असते. हे रक्तातून येतं, पापातून नाही. पाळकाच्या तोंडून ऐकलं तर ती धाकटीला दवाखान्यात नेईल. मी तर म्हणतो, चर्चमध्ये लग्नाची घोषणा करण्याआधीच दोघांचा सिकलसेलचा रिपोर्ट विचारावा.

मंडळीचा वडील, अमळनेर
बेथानीचं मान्य. या नजरेने मी तो अध्याय वाचला नव्हता. रिपोर्टचं मात्र अजिबात नाही. उद्या पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं की बोल तिलाच लागणार, आणि तोही देवाच्या दारात.

तापीकाठ
लग्न अडवा म्हणत नाही. दोघांना समोर बसवून सांगा, पुढे त्यांचं ते ठरवतील. लपवून ठेवलं तर बोल कोणाला लागतो, ते मी रोज बघतोय.

चार गावांचा पाळक
त्या गावाचं नाव मला निरोपाने कळवा. सोमवारी मोकळा आहे. आमच्या एका वडिलांनाही घेऊन येतो. पवित्र शास्त्र पिशवीत ठेवीन, ताई म्हणाल्या तर काढीन.

मंडळीचा वडील, अमळनेर
पिशवीत नको, पाळकसाहेब. हातात असू द्या. उघडू नका हवं तर.

तापीकाठ
निरोप पाठवला आहे. एसटी फाट्यावरच सोडते, मी तिथे उभा राहीन.