जुन्या गाडीतला नेमका बिघाड शोधणारा प्रामाणिक मेकॅनिक सोलापुरात कसा शोधावा?

प्रश्न (जुळे सोलापूर)

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे २०११ सालची पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी असून ती आजवर १,१२,००० किलोमीटर चालली आहे. महिनाभरापासून सात रस्त्याच्या सिग्नलला दोन-तीन मिनिटे थांबावे लागले की तापमानाचा काटा चढू लागतो. तुळजापूरला जाताना मोकळ्या रस्त्यावर मात्र तो मध्यावर स्थिर असतो. एका गॅरेजमध्ये बॉनेट उघडताच ‘हेड गॅसकेट (इंजिनच्या दोन भागांमधला सांधा बंद ठेवणारी पातळ पट्टी) गेले आहे, इंजिन खोलावे लागेल’ असे सांगून २२,००० रुपयांचा अंदाज दिला, तर दुसऱ्या ठिकाणी रेडिएटर बदलायला सांगितले. कोणत्या तपासणीवरून हे ठरवले, याचे उत्तर दोघांकडेही नव्हते. आईच्या गुडघ्यांमुळे तिला रिक्षात चढता येत नाही, त्यामुळे गाडी घरात असणे गरजेचे आहे. नोंदणीची १५ वर्षे पूर्ण होत असल्याने पाच वर्षांच्या नूतनीकरणाआधी एवढा खर्च करावा का, हाही प्रश्न आहे. आधी खरा दोष शोधेल आणि मगच पाना हाती घेईल, असा मेकॅनिक कसा ओळखावा?

उत्तर १ (निवृत्त, एसटी कार्यशाळा)

आपण लक्षणे इतकी नीट लिहिली आहेत, की निम्मे निदान त्यातच झाले आहे. धावत्या गाडीच्या रेडिएटरला समोरून वारा मिळतो, उभ्या गाडीला तो केवळ पंखा देतो. म्हणून मोकळ्या रस्त्यावर स्थिर राहणारा काटा सिग्नलला चढत असेल, तर पहिला संशय पंखा, त्याचा फ्यूज, रिले (पंखा चालू-बंद करणारा विजेचा स्विच) आणि वायरिंग यांच्यावर घ्यावा. गाडी उभी ठेवून एसी सुरू करा आणि पंखा फिरतो का ते लांबूनच पाहा. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कृपया उघडू नका. उकळते पाणी अंगावर उडून भाजलेले सहकारी मी पाहिले आहेत.

रेडिएटर आतून बुजला असता, तर वेगात आणि चढावर त्रास अधिक झाला असता. हेड गॅसकेटचा दोष अशक्य नाही, पण तो सिद्ध करावा लागतो. थंड इंजिन झाकण काढून सुरू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे येणे, बाहेर कोठेही गळती नसताना कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) कमी होणे, ऑइल दुधाळ होणे, इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येत राहणे, ही त्याची चिन्हे होत. त्यानंतरही कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट (दाब देऊन गळती शोधणे) आणि सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब मोजणे) केल्याशिवाय इंजिन खोलू देऊ नये. रेडिएटरमध्ये बोअरचे जड पाणी कधी ओतले असेल, तर तेही मेकॅनिकला सांगा, कारण त्याचे क्षार आत साचतात. यापुढे डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट यांचेच मिश्रण वापरा.

उत्तर २ (मुरारजी पेठ)

मेकॅनिकचे नाव हवे असेल, तर अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर अशा फेऱ्या करणाऱ्या भाड्याच्या गाड्यांच्या चालकांना विचारा. गाडी उभी राहिली की त्यांचा दिवस बुडतो, म्हणून अंदाजाने भाग बदलणाऱ्याकडे ते दुसऱ्यांदा जात नाहीत. तिघा-चौघांनी स्वतंत्रपणे एकच गॅरेज सांगितले, तर तेथे जावे.

दुसरे म्हणजे, तपासणीची मजुरी वेगळी देण्याची तयारी आपण आधीच बोलून दाखवावी. फुकट तपासणीचा आग्रह धरणारे आपण ग्राहकच मेकॅनिकला अडचणीत आणतो; भाग विकला गेला तरच त्याच्या हाती पैसे पडणार असतील, तर शोधण्यापेक्षा बदलण्याकडे त्याचा कल जाणे स्वाभाविक आहे. ‘दोष शोधण्याचे पैसे देतो, दुरुस्तीचे नंतर ठरवू,’ असे मी सांगतो आणि काढलेला जुना भाग परत मागतो. चांगल्या मिस्त्रीला याचा राग येत नाही.

उत्तर ३ (होटगी रस्ता)

२०१० मध्ये भारत स्टेज ४ ही वाहनांच्या धुराची मानके देशातील ज्या मोजक्या शहरांत प्रथम लागू झाली, त्यांत सोलापूर होते. दोष गाडीने स्वतः नोंदवावेत, अशी या मानकांची अपेक्षा असल्याने आपल्या गाडीला स्टिअरिंगखाली स्कॅनरचे (त्या नोंदी वाचणाऱ्या यंत्राचे) सॉकेट असण्याची शक्यता बरीच आहे. स्कॅनर हेड गॅसकेटचे नाव सांगणार नाही, परंतु कूलंटचे प्रत्यक्ष तापमान आणि पंखा किती अंशांवर सुरू होतो, हे त्यावरून पाहता येते. केवळ स्कॅनरवरचा दोषाचा कोड वाचून भाग बदलायला सांगणाऱ्यापासून मात्र सावध राहावे.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. एसी लावूनही पंखा फिरला नाही. रेल्वे स्थानकाबाहेरच्या दोन चालकांनी सुचवलेल्या मिस्त्रींकडे गेलो आणि तपासणीचे ३०० रुपये आधीच ठरवले. त्यांनी पंख्याला बॅटरीवरून थेट जोडणी देऊन मोटर चांगली असल्याचे दाखवले, रिले उघडून जळालेले पॉइंट दाखवले आणि प्रेशर टेस्टमध्ये खालच्या होजपाशी (रबरी नळीपाशी) आलेला ओलावाही मला बोटाने तपासायला लावला. रिले, होज, कूलंट आणि मजुरी मिळून २,१५० रुपये झाले. इंजिन खोलण्याची गरज त्यांना आज वाटत नाही. टाकीवर कूलंटच्या पातळीची खूण केली आहे. पंधरा दिवसांत ती खाली गेली, तर नूतनीकरणाचा अर्ज करण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट करून घेईन आणि काय निघाले ते येथे लिहीन.