'दिवाळीच्या मुळा' मधलं मूळ नेमकं कुठलं?

तुकोबांच्या 'भेटीलागी जीवा लागलीसे आस' मध्ये 'दिवाळीच्या मुळा लेकी आसावली, पाहतसे वाटुली पंढरीची' असं आहे. लताबाईंच्या आवाजात लहानपणापासून ऐकतेय, आसावली म्हणजे आस लागलेली हे कळतं, पण 'मुळा' कळत नाही. मूळ म्हणजे कारण, म्हणून 'दिवाळीमुळे' असं घ्यायचं का?

— ताई, हे मूळ वेगळं. सासरच्या लेकीला माहेरी न्यायला जे बोलावणं किंवा माणूस येतो ते मूळ. 'मूळ धाडणे', 'मूळ येणे' असं म्हणायचे. 'माहेरा' म्हणजे माहेराला, तसंच 'मुळा' म्हणजे मुळाला, मुळासाठी. दिवाळीला घरून कोणीतरी न्यायला येईल म्हणून लेक डोळे लावून बसलीय, असा अर्थ. न्यायला येणारा तो मुराळी, बहुतेक वेळा भाऊच.

आणि हा अर्थ लागला की अभंग वेगळाच ऐकू येतो. तिला घरची आठवण येते हे तर आहेच, पण ती उठून जाऊ शकत नाही ना, मूळ आल्याशिवाय पाऊल बाहेर टाकायचं नाही आणि तुकोबा स्वतःला त्या जागी ठेवतात, म्हणजे पंढरीहून बोलावणं आलं पाहिजे. मला तरी मराठीत याच्याइतकी आर्त ओळ दुसरी सापडत नाही.

भोंडल्याच्या गाण्यातली क्रियापदं बघा. 'कारल्याचा वेल लाव गं सुने, मग जा आपुल्या माहेरा' असं सासू म्हणते, सून वेल लावते, आणि मग काय म्हणते? 'आता तरी धाडा ना, धाडा ना.' 'जाते' नाही म्हणत, 'धाडा' म्हणते! मग वेलाला फूल येऊ दे, कारलं लागू दे, भाजी होऊ दे, प्रत्येक कडव्यात तोच 'धाडा ना'. जाणं तिच्या हातात नाही हे त्या एका क्रियापदात सगळं आलं.

— अर्थ पटला. पण मग माहेरच्या आठवणीला स्वातंत्र्याची ओढ म्हणायचं का? तिथेही वडलांचं, भावाचंच चालायचं की.

— चालायचंच, पण गाणी रचणाऱ्या बायकांनी फरक कुठे केलाय ते बघा. 'अस्सं माहेर सुरेख बाई खेळाया मिळतं, अस्सं सासर द्वाड बाई कोंडून मारतं.' दागिने नाही, साड्या नाही, खेळायला मिळणं आणि कोंडलं जाणं एवढाच हिशोब मांडलाय. त्यांच्यासाठी मोकळीक म्हणजे आधी जगून झालेली गोष्ट होती, पुढे कधीतरी मिळेल अशी नाही, म्हणून ती आठवणीतूनच गायली जाते असं मला वाटतं. बहिणाबाईंचं 'लेकीच्या माहेरासाठी माय सासरी नांदते' पण इथे आठवतं. आपलं माहेर सुटलं तरी लेकीला ती जागा मिळावी म्हणून आई तग धरून राहते.

— मुराळी शब्द आमच्या सातारा बाजूला म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून आहे, पण नुसतं 'मूळ' या अर्थाने मी प्रत्यक्ष बोलण्यात कधी ऐकलं नाही. खानदेशात, कोकणात कोणी ऐकलंय का?