निरंकाराची राय (सत्तरी तालुका, गोवा) आणि आसपास, वयस्कर माणसांना घेऊन एका दिवसात?

फोंडेकर_भाचा:
डिसेंबरात साताऱ्याहून आत्या आणि काका येतायत, दोघं सत्तर वर्षांना टेकलेली, बीच आणि चर्च मागच्या खेपेला बघून झालीत. आत्याला देवरायांचं भारी वेड, तिने नानोडा-बांबरच्या निरंकाराच्या रायीबद्दल कुठेतरी वाचलंय आणि आता तीच हवी म्हणते. आणि मी इथला असून वाळपईच्या पुढे कधी गेलेलो नाही, हसू नका. तर कोणी सांगेल का, आत कोणालाही सोडतात का, चालायला किती लागतं, काकांचे गुडघे बेताचेच आहेत, आणि त्याच दिवसात तांबडी सुर्ल्याचं देऊळ पण उरकता येईल का? गाडी आहे.

सत्तरीची_पोर:
पहिली गोष्ट, राय गावची आहे, देवाची आहे. गेट नाही, काउंटर नाही, म्हणून लोक गाडी लावतात आणि सरळ आत घुसतात, ते करू नका. गावात थांबा, विचारा, कोणी सोबत आलं तर उत्तमच. चपला काढायला सांगितल्या तर काढा. आतलं काहीही उचलायचं नाही, पडलेलं फळ नाही की वाळकी काटकी नाही. आत्याला हे सांगावं लागणार नाही म्हणा.
आता बघायचं काय ते. ही साधी देवराई नाही, आत रानजायफळाची दलदल आहे, असली दलदल सह्याद्रीत मोजक्याच ठिकाणी उरलीय. पायाखाली काळा चिखल, त्यातून झऱ्याचं पाणी हळूहळू सरकतंय आणि चिखलातून मुळं वर येतात, कमान करतात आणि परत आत जातात, अशी शेकडो. माणसाने गुडघा दुमडावा तशी दिसतात. सतत पाण्यात बुडालेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही म्हणून ती बाहेर डोकं काढून श्वास घेतात. त्यांच्यावर पाय देऊ नका, फोटोच्या नादात हमखास दिला जातो. काकांना कडेच्या कोरड्या जागी उभं करा, तिथूनही दिसतं, चिखलात उतरलंच पाहिजे असं काही नाही.

दगडांचा_नाद:
वरच्या ताईंचं अगदी बरोबर, त्यात एक भर. त्याच बाजूला ब्रह्मकरमळीचं ब्रह्मदेवाचं देऊळ आहे, वाळपईहून सातेक किलोमीटर, गाडी दारापर्यंत जाते. देऊळ बाहेरून साधंच, पण मूर्ती बघाच, कदंब राजांच्या काळातली, उभी, समोरून तीन मुखं दिसतात. मूळची ही तिसवाडीतल्या करमळीची. सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळं पाडायला लागले तेव्हा लोकांनी मूर्ती उचलून या रानात आणली आणि गावाचं नावसुद्धा सोबत आणलं. आज मूळ करमळीला रेल्वे स्टेशन आहे आणि देव इथे जंगलात! वाटेत नानूस लागतं, १८५२ साली दिपाजी राणे यांनी पोर्तुगीजांविरुद्ध बंड केलं तेव्हा घेतलेला किल्ला तिथलाच. आता बघण्यासारखं फारसं उरलेलं नाही, गाडीतूनच दाखवा.
तांबडी सुर्ला मात्र त्या दिवशी नको. ते धारबांदोडा तालुक्यात, पार दुसऱ्या अंगाला, भगवान महावीर अभयारण्यात. आणि तिथे वेळ लागतोच हो. बाराव्या-तेराव्या शतकातलं महादेवाचं देऊळ, दगडावर दगड बसवलेत, मध्ये चुना नाही, आणि दगड तिथला नाहीच, घाटावरून आणला असं मानतात. मंडपात मधोमध डोकं नसलेला नंदी बसलाय आणि वर छताला कमळ कोरलंय. असलं देऊळ अर्ध्या तासात बघणाऱ्यांचा मला राग येतो.

बसने_फिरणारा:
एवढं काय, सकाळी सातला निघा, दोन्ही होतं, आम्ही केलंय.

सत्तरीची_पोर:
तुम्ही केलं असेल ओ, सत्तर वर्षांचे काका नव्हते ना सोबत.

नाकासमोर:
कोणी बोललं नाही म्हणून सांगतो, माकडताप. सत्तरीत २०१५ पासून पेशंट सापडत आलेत आणि सीझन साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका तुमचाच. जंगलातल्या बारीक गोचिडी चावल्या की होतो. घाबरून जाणं रद्द करायला नको, पण फुल बाह्या, पायमोजे, पँट मोज्यात खोचायची, पालापाचोळ्यावर बसकण मारायची नाही, मेलेलं माकड दिसलं तर लांबून आरोग्य केंद्राला कळवायचं. घरी आल्यावर कपडे धुवायला आणि गरम पाण्याने आंघोळ. चपलांचं बघा मग, मोजे ठेवून आत सोडतात का ते विचारून घ्या. आणि म्हादई अभयारण्यात (२०८ चौरस किमी, १९९९ पासून) वाट दिसली म्हणून वळू नका, तिथे वनखात्याची परवानगी लागते, रायीची गोष्ट वेगळी.

फोंडेकर_भाचा:
बाप रे, माकडतापाचं डोक्यातच नव्हतं. तांबडी सुर्ला दुसऱ्या दिवशी ढकलतो. मग दुपारनंतर काय? चारला घरी आणलं तर आत्या गाडीतून उतरणार नाही.

दगडांचा_नाद:
येताना साखळी गावावरून या, हरवळ्याची लेणी. जांभ्यात कोरलेली, आत शिवलिंगं, काकांना एक पायरीसुद्धा जड जाणार नाही. शेजारीच रुद्रेश्वर आणि धबधबा, डिसेंबरात पाणी असतं.

सत्तरीची_पोर:
आणि जेवण वाळपईतच उरका, पुढे गावात काही मिळेल या भरवशावर राहू नका. निघायच्या आदल्या दिवशी इथे लिहा, बांबरला कोणाला विचारायचं ते मी मेसेजमध्ये सांगते.