मदत हवी आहे: कॉलेजच्या विजेचा कार्बन हिशोब जुळेना (शुक्रवारी रिपोर्ट!)

बेळगावची_पोरगी: जूनचं रीडिंग वजा मेचं रीडिंग, फरक 46.2. त्याला 0.727 ने गुणलं तर जेमतेम 33.6 किलो कार्बन डायऑक्साइड येतोय. कुठं चुकतंय? लवकर सांगा.

निपाणीकर: कुठलं मीटर? हॉस्टेल आहे का? आणि 0.727 कुठून आणलंस?

बेळगावची_पोरगी: केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा 2023-24 चा आकडा आहे तो, ग्रिडच्या एका युनिटमागं किलो. हॉस्टेल आहे, 200 खोल्या. मीटर ट्रान्सफॉर्मरजवळ पेटीत.

खानापूरचा_दादा: मोजत काय बसलीस? सोलर बसवा. आमच्या गिरणीवर 10 किलोवॉट आहे, उन्हाळ्यात दिवसाला 40 युनिट सहज देतंय.

निपाणीकर: दादा, तिनं मोजायचं विचारलंय. आणि खानापूरच्या जुलैतल्या पावसात किती देतंय ते पण सांगा की.

खानापूरचा_दादा: हिशोब वर्षाचा बघायचा असतो हो.

उषाकाकी: बाळ, आवारात वड, जांभूळ लावा. सावली पडली की पंखे कमी लागतात.

वायरमन_चिकोडी: ताई, तुमचं एचटी, म्हणजे उच्च दाबाचं कनेक्शन आहे. मीटरमधून सगळा करंट जात नाही, सीटी-पीटी, म्हणजे करंट आणि व्होल्टेज ठरावीक पटीत कमी करणारे छोटे ट्रान्सफॉर्मर, त्यांच्यामधून थोडा भाग जातो. म्हणून फरकाला गुणक लावायचा. बिलावर ‘एमएफ’ किंवा ‘कॉन्स्टंट’ लिहिलेलं असतं बघा. पडद्यावर केव्हीएएच पण फिरतं, ते नको, केडब्ल्यूएच घ्या, तेच आपलं युनिट.

बेळगावची_पोरगी: सापडलं! 600. म्हणजे 27,720 युनिट, एका महिन्यात 20 टन! खूप आभार.

उषाकाकी: घरच्या बिलाला पण लागतो का हा गुणक?

वायरमन_चिकोडी: नाही काकी, घरचं मीटर थेट असतं. ताई, जनरेटर धरलात का? डिझेलच्या एका लिटरमागं साधारण 2.68 किलो कार्बन डायऑक्साइड.

निपाणीकर: कमी करायचं तर आधी पंखे बदला. जुना 75 वॉट खातो, बीएलडीसी (बिनब्रशच्या मोटरचा नवा पंखा) 30. 200 पंखे दहा तास चालले तर दिवसाला 90 युनिट वाचतात. दादांच्या सोलरच्या दुप्पट.

खानापूरचा_दादा: आणि पैसे कोण देणार?

निपाणीकर: सोलर काय फुकट मिळतं?

बेळगावची_पोरगी: भांडू नका ना, अजून एक अडचण आहे. जनरेटरच्या वहीची जूनची दोन पानं डिझेलनं चिकटलीत, लिटर वाचता येत नाहीत. पंपाच्या पावत्या चालतील का?

वायरमन_चिकोडी: चालतील. फक्त 1 जूनला टाकीत होतं ते मिळवा आणि 30 जूनला उरलेलं वजा करा.