मदत हवी आहे: गुडघेदुखी असलेल्या बाबांना एका दिवसात ॲनापोलिस कसं दाखवू?

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आईबाबा आमच्याकडे उत्तर व्हर्जिनियात येताहेत. बाबा निवृत्त इतिहास शिक्षक. काय बघायचंय विचारलं, तर नायगाराचं नावही काढलं नाही. म्हणाले, "वॉशिंग्टनने सेनापतिपद सोडलं त्या खोलीत मला एकदा उभं राहायचंय."

ती खोली ॲनापोलिसला, मेरीलँड राज्याच्या स्टेट हाऊसमध्ये (विधिमंडळाच्या इमारतीत) आहे, जुनं सिनेट दालन. 23 डिसेंबर 1783 ला वॉशिंग्टनने तिथे काँग्रेससमोर (अमेरिकेच्या संसदेसमोर) राजीनामा दिला. तेव्हा देशाची राजधानीच ॲनापोलिसला होती, आणि पुढच्याच महिन्यात, 14 जानेवारी 1784 ला, ब्रिटनशी झालेल्या पॅरिस तहालाही याच इमारतीत मंजुरी मिळाली. युद्ध जिंकलेला सेनापती फौज हाताशी असताना अधिकार परत करतो, हे बाबा वर्गात दरवर्षी रंगवून सांगायचे. वॉशिंग्टनच्या हस्ताक्षरातलं ते भाषण तिथे ठेवलंय हे कळल्यापासून तर रोज फोन येतोय!

अडचण गुडघ्यांची आहे. सलग पंधरा मिनिटांपेक्षा जास्त चालवत नाही, आणि जुन्या गावात विटांचे फुटपाथ आहेत. स्टेट हाऊस, नेव्हल अकॅडमी (नौदल अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण महाविद्यालय) आणि बंदराचा धक्का एका दिवसात जमेल का? क्रम काय ठेवू? दोघं शुद्ध शाकाहारी आहेत आणि गाव खेकड्यांसाठी प्रसिद्ध, म्हणून जेवणाचंही सुचवा.

प्रतिसाद १
स्टेट हाऊस उंचावर आहे. बाबांना स्टेट सर्कलला उतरवा आणि गाडी नंतर पार्क करा. मेन स्ट्रीट चर्च सर्कलपासून धक्क्यापर्यंत उतरत जाते, त्यामुळे वरून खाली या, उलट नको. ओळखपत्र लागतं, दोघांचे मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. घुमट बाहेरूनही निवांत बघा, लाकडी आहे आणि खिळ्यांऐवजी खुंट्यांनी जोडलाय.

नेव्हल अकॅडमीत पाहुण्यांची गाडी आत सोडत नाहीत, बरंच चालावं लागतं. माझं मत विचाराल तर ती या खेपेला सोडा. जेवण घरूनच न्या. दशम्या-चटणी सगळ्यात बिनधास्त.

प्रतिसाद २
धक्का मात्र सोडू नका. 1767 मध्ये 'लॉर्ड लिगोनियर' हे जहाज गांबियाहून गुलाम केलेली माणसं घेऊन ॲनापोलिसला आलं. ॲलेक्स हेलीच्या 'रूट्स' या पुस्तकातला कुंटा किंटे याच जहाजातून येतो, त्याचं स्मारक धक्क्यावर आहे. इतिहासाच्या शिक्षकाला गावाची हीसुद्धा बाजू बघायची असेल.

धागाकर्ता
दोघांचे मनापासून आभार. अकॅडमी रद्द केली. बाबांना आत्ताच फोनवर स्मारकाचं सांगितलं. म्हणाले, "मग आधी धक्का." त्यांना उतार समजावून सांगतोय. धक्क्याजवळ सावलीत बसायला बाकं आहेत का, कुणी सांगेल?