एब्स्टाइन विकृती असलेल्या वृद्ध रुग्णाला पूर्ण भूल द्यावी का?

मूळ मत (कोथरूड): माझ्या मावशीने सत्तरी ओलांडली आहे. पित्ताशयातील खड्यांमुळे तिच्या पोटात अधूनमधून कळा येतात, म्हणून दुर्बिणीने पित्ताशय काढण्याचे ठरत होते. तत्पूर्वीच्या इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) एब्स्टाइन विकृती निघाली. विल्हेल्म एब्स्टाइन यांनी 1866 मध्ये प्रथम वर्णन केलेला हा दोष साधारण 20,000 जन्मांमागे एकात आढळतो. यात हृदयाची त्रिदल झडप जन्मतःच खाली सरकलेली असते आणि उजवा वरचा कप्पा मोठा होतो. मावशीच्या बाबतीत दोन वरच्या कप्प्यांमधील पडद्याला छिद्रही आहे. माझ्या मते प्राणावर बेतल्याशिवाय अशा रुग्णाला पूर्ण भूल देऊ नये. वेळ आलीच तर मणक्यातून द्यावी.

प्रतिसाद (भूलतज्ज्ञ, सदाशिव पेठ): मी याच्याशी पूर्णतः असहमत आहे. पित्ताशयात पू झाला, ताप चढला, नाडी धावू लागली, की मध्यरात्री कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रियेत धोका कितीतरी वाढतो आणि तयारीला वेळ उरत नाही. मणक्यातील भूलही आपोआप सुरक्षित ठरत नाही, कारण तिने रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब उतरतो आणि छिद्रातून अशुद्ध रक्त डावीकडे जाण्याचे प्रमाण वाढू शकते. पूर्ण भुलेत श्वास आमच्या हाती असतो. मात्र शिरेतून दिलेले औषध मोठ्या झालेल्या कप्प्यात रेंगाळते व परिणाम उशिरा दिसतो. तेवढ्यात घाईने दुसरा डोस दिला, तर थोड्या वेळाने दोन्ही एकदम लागू पडून रक्तदाब कोसळतो. सलाईनच्या नळीतील बुडबुडाही टिचकी मारून वर आणून काढावा लागतो, कारण छिद्रातून तो थेट मेंदूकडे जाऊ शकतो.

प्रतिसाद (औंध): डॉक्टर, आपण सांगता ती दक्षता सर्वत्र घेतली जाते का? अनेक लहान रुग्णालयांत भूलतज्ज्ञ आणि रुग्ण यांची पहिली भेट शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी होते, आणि फिटनेसच्या चिठ्ठीवर सही असली की नातेवाईक निश्चिंत होतात. त्यात दुर्बिणीसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. तो रक्तात वाढला, की फुप्फुसांतील रक्तवाहिन्या आकसतात आणि अगोदरच दुबळ्या असलेल्या उजव्या बाजूवर ताण येतो. म्हणून मला मूळ मतच अधिक पटते.

भूलतज्ज्ञ: आपला आक्षेप रास्त आहे, पण तो ठिकाणाबद्दलचा आहे, भुलेबद्दलचा नाही. पोटातील वायूचा दाब नेहमीच्या 12 ते 15 मिलिमीटरऐवजी 8 ते 10 वर ठेवता येतो आणि तोही सोसला नाही तर वायू सोडून देता येतो. जन्मजात हृदयदोषांचा अनुभव असलेले हृदयरोगतज्ज्ञ आणि सुसज्ज अतिदक्षता विभाग पुण्यात उपलब्ध आहेत. ते नसतील तेथे ही शस्त्रक्रिया मी स्वतः स्वीकारणार नाही.

मूळ लेखक: कळा क्वचित येतात आणि ताप कधीच आलेला नाही, त्यामुळे थांबण्यातला धोका आपण म्हणता तेवढा मोठा आहे हे मला अजून मान्य नाही. या विकृतीत हृदयात विजेचा जादा मार्ग असू शकतो व त्यातून ठोके अचानक बेफाम होतात, असे हृदयरोगतज्ज्ञांनी सांगितले आहे. त्यासाठी 24 तासांचा ईसीजी करणार आहोत. त्यात दोष निघाला, तर आधी त्यावर उपचार होईपर्यंत मी संमतिपत्रावर सही करू देणार नाही. अहवाल स्वच्छ आला, तर मावशीला घेऊन भूलतज्ज्ञांना आधीच भेटू आणि मग काय करायचे ते तीच ठरवेल.