टोमॅटोच्या पानांवर ठिपके आहेत, पण करपा वाटत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. जुन्नर तालुक्यात उन्हाळी टोमॅटो आहे, मल्चिंग आणि ठिबकवर. बांधणी झाली, खालचे घड धरलेत. गेल्या आठवड्यात पानांवर एकदम ठिपके दिसले. ज्वारीच्या दाण्याएवढे, काही मोठे, मधला भाग वाळून पांढुरका, कागदासारखा. दुकानदाराने फोटो बघूनच करपा (बुरशीचा रोग) ठरवला आणि मॅन्कोझेब हे बुरशीनाशक दिलं. नंतर एक महागडं औषधही झालं. ठिपके वाढले नाहीत, कमीही झाले नाहीत.

लवकर येणारा करपा खालच्या जुन्या पानांवरून वर चढतो आणि ठिपक्यात गोल वलयं दिसतात. इथे वलय औषधालाही नाही आणि वरची, बाहेरच्या अंगाची पानं जास्त खराब आहेत. टोस्पो या विषाणूची धास्ती होती, पण त्यात शेंडा आधी तांबूस पडतो. माझा शेंडा हिरवागार आहे आणि नंतर फुटलेली पानं स्वच्छ आहेत. पोटॅश कमी पडलं तर कडा करपतात, मॅग्नेशियम कमी पडलं तर शिरांमधला भाग पिवळा होतो. तसंही नाही.

पश्चिमेच्या बांधालगतच्या ओळींत ठिपके दाट आहेत, आत जावं तसे विरळ, मधल्या ओळींत जवळपास नाहीतच. पलीकडे चुलत्यांचा ऊस आहे.

हे नक्की काय असावं? आणि बुरशीनाशक चालू ठेवू का?

माळकरी: दादा, बांधावरचं गवत कसं आहे? आणि तुमच्याच बाजूची घोळ, गाजरगवत बघा, त्यांच्यावरही असेच ठिपके आहेत का?

धागाकर्ता: आत्ता जाऊन आलो. बांधावरचं गवत जळून पिवळं पडलंय. घोळीवर आणि कडेच्या मक्यावर तसेच पांढरे ठिपके आहेत!

माळकरी: मग रोगाचा विषय मिटला. टोमॅटोचा करपा मक्यावर जात नाही. पॅराक्वाटसारख्या स्पर्शजन्य तणनाशकाचे तुषार वाऱ्याने आलेत. थेंब पडला तेवढाच भाग जळतो, ते झाडात फारसं फिरत नाही, म्हणून नवी पालवी चांगली. २,४-डी हे दुसरं तणनाशक असतं तर शेंडे पिळवटले असते, पानं दोऱ्यासारखी झाली असती. ते जास्त वाईट.

रानवाट: सहमत. कोणी पान ओल्या पिशवीत ठेवून बुरशी येते का बघायला सांगेल, पण मेलेल्या भागावर कसलीही बुरशी उगवते, त्यावर विसंबू नका. या ठिपक्यांसाठी बुरशीनाशक बंद करा. ठिपक्यांची पानं तोडू नका, उरलेला हिरवा भाग काम करतोय आणि या उन्हात पानांची सावली गेली तर फळं भाजतील. पाणी-खत नेहमीसारखंच चालू द्या. टॉनिकच्या बाटल्यांवर पैसे घालू नका.

धागाकर्ता: आभार. काही हिरव्या फळांवरही डाग आहेत. आणि चुलत्यांना सांगायचं कसं? विहीर सामाईक आहे, भांडण परवडणार नाही.

माळकरी: डागाळलेली फळं तोडून टाका, बाजारात नेऊ नका. चुलत्यांना बांधावर बोलावून मका दाखवा, त्यांना लगेच कळेल. पुढच्या वेळी वारा पडलेला असताना आणि नोझलला हूड (तुषार अडवणारं झाकण) लावून मारा, एवढंच म्हणा.